संत ब्लाझच्या दिवसाची गाडी

त्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघराला इंग्रजी लागलं. लागलं म्हणजे भिंतीला बुरशी लागते तसंच. आज कपाटाच्या दारावर एक पिवळी चिठ्ठी, उद्या दुधाच्या कॅनवर दोन, परवा घड्याळाखाली रांगच. पुढच्या बाजूला एक इंग्रजी शब्द, मागे आमच्या स्लोव्हेनियन भाषेतले चार, पाच, कधी त्याहून जास्त. चिकटवणारी माझी सून, येर्नेया. मी पुसायचं फडकं घेऊन गेले की म्हणायची, "आई, तेवढी राहू द्या." माझ्या घरात मला न विचारता चिठ्ठ्या राहायला लागल्या!

माझं घर म्हणाले, पण कागदावर ते सिल्वोचं, माझ्या मुलाचं. माझा नवरा लुद्विक गेल्यावर मीच त्याच्या नावावर केलं. आमच्या डोंगरात ही रीत आहे. म्हाताऱ्यांनी घरदार देऊन टाकायचं आणि आपल्यापुरता एक कोपरा राखून ठेवायचा. तोंडी नाही, नोटरीसमोर. मी राखलं ते असं: चुलीमागची खोली, रोजचं दूध, फोडून रचलेली लाकडं, डुक्कर कापलं की त्यातलं अर्धं, आणि रविवारी व सणाला चर्चपर्यंत गाडी, जाऊन येऊन. नोटरीबाई हसल्या. म्हणाल्या, "गाडीसुद्धा लिहायची?" मी म्हटलं, "लिहा. पोराच्या तोंडात आज मध आहे. उन्हाळ्यात मध पातळ होतो." कोपरा राखला की आपणही त्या कोपऱ्यातच राखले जातो, हे मात्र नोटरीबाईंनी सांगितलं नाही.

येर्नेया वरच्या खोलीत बसून भाषांतरं करायची. वॉशिंग मशीनची पुस्तकं, औषधाच्या खोक्यातले मुंगीएवढ्या अक्षरांचे कागद, ट्रॅक्टरचे नियम. अख्खा देश तिच्या शब्दांवर बटणं दाबत होता, पण माझ्या घरात लोणी कुठे ठेवायचं ते तिला वीस वर्षांत कळलं नव्हतं. मग कुठूनसं लक्झेंबर्ग निघालं. तिथे म्हणे युरोपचे सगळे कागद सगळ्यांच्या भाषेत करतात. आम्ही मूठभर लोक, तरी आमच्याही भाषेत. त्यासाठी परीक्षा. एकदा ती नापास झाली होती, तेव्हा वर्षभर तिच्यासमोर त्या गावाचं नाव घ्यायची सोय नव्हती. आता पुन्हा परीक्षा निघाली होती, आणि यानंतरची केव्हा निघेल ते देवाला ठाऊक.

पास झाली की दोघं जाणार. सिल्वोला तिकडे गोदामात काम मिळणार. आणि मी? "तुझंही बघू, आई," सिल्वो म्हणाला. इंग्रजी शब्दाला आठ अर्थ असतात म्हणे. माझ्या मुलाच्या 'बघू'ला एकच आहे, आणि तो खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे.

मला काय हवं होतं ते सांगते, म्हणजे पुढे कोणी माझ्या वतीनं रडायला नको. मला त्या घरात, त्या चुलीजवळ, दोन माणसांचा आवाज ऐकत मरायचं होतं. शहरात नाही, आणि एकटीनंही नाही. तेवढंच हवं होतं, आणि त्या पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून ते माझ्या भिंतीवरून काढून नेत होत्या.

एका संध्याकाळी ताटं उचलल्यावर सिल्वो तिची तयारी घेत होता. त्यानं चिठ्ठी धरली होती, 'बेअर' नावाची.

"अस्वल," येर्नेया म्हणाली. "वाहून नेणं. सोसणं. जन्म देणं. झाडानं फळ धरणं."

"एवढं सगळं एकाच शब्दात?" मी विचारलं.

"एकाच, आई."

"मग तो शब्द एखाद्या बाईनं केलेला असणार. आणि नवरा तेव्हा अस्वलासारखा झोपलेला असणार."

सिल्वो हसला. ती हसली नाही. ती परीक्षेच्या दिवसांत हसणं बाजूला काढून ठेवायची, जसं कोणी चांगलं टेबलक्लॉथ ठेवतं.

"गरीब लोक दिसतात," मी म्हटलं. "घरात एकच पातेलं. त्यातच दूध, त्यातच कोबी, त्यातच पाय धुवायचं पाणी."

"गरीब कसले, आई. त्यांचं पातेलं साऱ्या जगाच्या चुलीवर चढलंय. त्यातलं काढून आपल्या वाट्यांत कोण वाढणार, त्याची तर परीक्षा आहे."

"मग वाढ की. त्यात रात्रंदिवस भिंतीशी काय बोलायचं?"

"नुसता शब्द येत नाही ना परीक्षेत. वाक्य येतं. शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं आणि अर्थ ठरवायचा. एकदा ठरवला की पुढची सगळी वाक्यं त्याला बांधली जातात. पहिल्याच ओळीत चुकलं तर शेवटपर्यंत चुकत जातं, आणि मध्ये सुटका नाही."

"लग्नासारखं."

"हो," ती म्हणाली, आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "अगदी सासरसारखं."

घ्या. जीभ तिलाही होती. वर्षाकाठी एकदा काढायची, पण धार लावलेली असायची.

"कधी आहे ही परीक्षा?" मी विचारलं.

"तीन फेब्रुवारीला. दुपारी. ल्युब्ल्यानाला."

"ब्लाझच्या दिवशी," मी म्हटलं.

सिल्वो टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करायला लागला. लहानपणापासून हेच करतो.

आमच्या खालच्या गावातलं चर्च संत ब्लाझचं. तो घशांचा राखणदार. त्या दिवशी फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला टेकवतात, म्हणजे वर्षभर घसा शाबूत राहतो. त्या मेणबत्त्या आमच्या घरच्या. आमचं आडनाव गावात कोणी वापरतच नाही, घराला स्वेचार म्हणतात, म्हणजे मेणबत्तीवाले. नाताळात मी घरच्या मधाच्या पोळ्यांचं मेण ओतून त्या करते, लाल फितीनं बांधते आणि घरची बाई म्हणून स्वतः नेऊन वेदीवर ठेवते. एका साली मला न्यूमोनिया झाला, तेव्हा दुकानातल्या लावल्या होत्या, तर ईस्टरपर्यंत गाव खोकत होतं. हे मी नाही म्हणत, फानी म्हणते. फानी म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्याची बायको. तो चर्चची घंटा, ती गावाची.

"आई," सिल्वो म्हणाला, "मी येर्नेयाला गाडीनं नेणार होतो. त्या दिवशी तुला फानीचा नवरा घेऊन जाईल. मी बोलतो त्याच्याशी."

"स्वेचारच्या मेणबत्त्या दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत. सणाची गाडी माझी. जाऊन येऊन. लिहिलंय."

"लिहिलंय, लिहिलंय! एका वर्षानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"मी बसनं जाईन," येर्नेया म्हणाली. तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. "आईंचा हक्क आहे. राहू दे."

ज्या दारातून मला टाकून जाणार, ते दार मीच उघडून धरायचं? मी माझ्या खोलीत गेले आणि निवांत झोपले.

जानेवारीच्या शेवटाला पाऊस आला, आणि पडता पडताच गोठायला लागला. आम्ही त्याला झ्लेद म्हणतो. साधा बर्फ मऊ असतो, त्याच्यावर माणूस फार दिवस चिडत नाही. झ्लेद म्हणजे नुसती काच. कुंपणाची तार मनगटाएवढी जाड झाली. सफरचंदाची झाडं गुडघ्यावर आली. मग जंगल मोडायला लागलं. एखादं फरचं झाड मोडतं तेव्हा बंदूक उडाल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी आख्ख्या डोंगरावर लढाई चालली होती. वीज गेली. विजेचा खांब आमच्याच वळणावर आडवा झाला, त्याच्यावर दोन झाडं, त्यांच्यावर आणखी. दार उघडायला सिल्वोला आतून कुऱ्हाडीचा तुंबा मारावा लागला.

आमच्या ओस्रेदेक वाडीत घरं चार. दोन हिवाळ्यात बंद असतात आणि तिसऱ्यात फ्रान्स नावाचा बहिरा म्हातारा, त्याला जंगल मोडलेलं कळलंसुद्धा नसेल. खाली जायला एकच रस्ता, आणि तो आता रस्ता नव्हताच.

सिल्वोनं गाडीत बसून फोन थोडा चार्ज केला आणि ब्रानेला लावला. ब्राने म्हणजे गावच्या बंबवाल्यांचा प्रमुख. असं काही झालं की रस्ते तेच लोक मोकळे करतात. ब्रानेचा आवाज मुळातच बैलाचा, मला चुलीपर्यंत ऐकू आला.

"परीक्षा? सिल्वो, डोकं गोठलंय का तुझं? इथे एका म्हाताऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय, मिलच्या मागे एक बाई बाळंत होतेय, आणि तुला परीक्षा! तुमचा रस्ता सगळ्यात शेवटी. आठवडा धरून चाल."

सिल्वो आत आला आणि बूट न काढताच बसला. येर्नेया खिडकीशी उभी होती. बाहेर बघत होती म्हणवत नाही, कारण काचेच्या बाहेर दुसरी काच चढली होती आणि पलीकडे नुसता उजेड होता, दुधासारखा. मला बरं वाटलं. कुलूप देवानं घातलं होतं. किल्लीला माझा हात लागला नव्हता.

मग आम्ही तिघं त्या एका खोलीत. बाकी घर गोठलेलं, फक्त मोठ्या चुलीजवळ ऊब. चुलीच्या कडेचा कट्टा माझा, बाकावर सिल्वो, टेबलाशी ती. गोठ्यातलं दूध काढायचं मशीन बंद, म्हणून गाईंखाली हातानं बसावं लागायचं. सिल्वोची बोटं बटणं दाबून नाजूक झालेली, गाई त्याला शेपटीनं थोबाडीत द्यायच्या. सकाळी उकड, संध्याकाळी उकड आणि आंबवलेला कोबी. छपरावरून बर्फाचा तुकडा घसरला की तिघांच्याही माना वर व्हायच्या. कोणी कोणाला काही विचारलं की उत्तर आधीच ठाऊक असायचं. सिल्वो दर थोड्या वेळानं उठून दार उघडून बघायचा आणि लावून घ्यायचा.

"बाहेर काही बदललंय का?" मी विचारायचे.

"नाही."

"मग उघडतोस कशाला? ऊब जाते."

येर्नेयाचा कॉम्प्युटर मेलेला, तिचा शब्दकोश त्याच्याच पोटात. तिच्याकडे उरल्या त्या चिठ्ठ्या. सिल्वो लाकडं फोडायला गेला की ती एकटीच पुटपुटत बसायची. ऐकून ऐकून मला वीट आला. मी म्हटलं, "दे इकडे. मी धरते."

"तुम्हाला इंग्रजी—"

"पुढची बाजू तू बघ आणि मोठ्यानं सांग. मागची मी बघते. ती आपल्या भाषेत आहे ना?"

मी शाळेत फार गेले नाही. आधी लढाई आली, मग गुरं आली. अक्षरावर बोट ठेवून वाचते, आणि कोणी घाई केली की बोट उचलत नाही. येर्नेयानं घाई केली नाही.

"स्प्रिंग," ती म्हणाली. "वसंत. झरा. गादीतली तार. उडी मारणं."

मी बोट खाली नेलं. "अजून एक."

ती विचारात पडली. ओठ हलले. "अचानक उगवणं?"

"ते नाही लिहिलंय."

"मग... मग काय असेल? आई, मीच लिहिलंय, मला आठवायला हवं!"

"काहीच नाही. तेवढेच आहेत. घाबरतेस का ते बघत होते."

तिनं तोंडावर हात धरला, आणि मला वाटलं आता रडणार, तर ती हसायला लागली. सिल्वो लाकडं घेऊन आत आला तो दारातच थांबला. आम्हा दोघींना एका टेबलाशी हसताना बघून त्याला वाटलं असेल की थंडी डोक्यात गेली.

त्यानंतर रोज हेच. मी परीक्षक. चूक झाली की चिठ्ठी डावीकडे, बरोबर आली की उजवीकडे. डावीकडचा ढीग कमी होत गेला. मी तिला सूट दिली नाही आणि तिनंही मागितली नाही. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या बोललो नव्हतो. शब्द तिचेही नव्हते आणि माझेही नव्हते, म्हणून सोपं गेलं असेल.

एकदा 'लेफ्ट' आला. "डावा," ती म्हणाली. "निघून गेला. मागे उरला."

"निघून गेलेला आणि मागे उरलेला, दोघांना एकच?"

"एकच. वाक्यावर ठरतं."

मी ती चिठ्ठी उजवीकडे ठेवली आणि चुलीत लाकूड सारलं.

ब्लाझचा सण दोन दिवसांवर आला तरी वळणावरची झाडं होती तिथेच होती. दुपारी येर्नेयानं भिंतीवरच्या उरलेल्या चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मला वाटलं, उजळणी. तिनं चुलीचं दार उघडलं आणि मूठभर आत टाकल्या.

"हे काय चाललंय?"

"लाकूड ओलं आहे. यानं पेट घेईल."

"येर्नेया," सिल्वो म्हणाला, "अगं, अजून दोन दिवस आहेत."

"कशाला दोन दिवस? उडून जाणार आहे का मी?" ती माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. मला मऊ आवाजाची आधीपासूनच भीती वाटते, त्याच्या मागे नेहमी काहीतरी असतं. "बरंच झालं, आई. कोणाचाच दोष नाही. आणि तशीही तुम्हाला इथे एकटं टाकून माझा पाय निघाला नसता. या वयात तुम्ही बिचाऱ्या—"

बिचारी. मला.

लोक मला खूप काही म्हणाले आहेत. कजाग म्हणाले, स्वेचारची सरदारीण म्हणाले, एका फादरनं सर्पीणसुद्धा म्हटलं, तेही दान घेतल्यावर. बिचारी म्हणायची हिंमत कोणाची झाली नव्हती.

"चुलीचं दार लाव," मी म्हटलं. "आणि इकडे बघून ऐक. मी तुला गाडी दिली नाही, ती तोंडावर सांगून दिली नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, तेही तोंडावर सांगते. पण माझं नाव घेऊन कागद जाळू नकोस. भीती तुझी आहे. मागच्या वेळी पडलीस, पुन्हा पडशील म्हणून कापतेस. ती भीती माझ्या गळ्यात बांधायची नाही."

"हो, वाटते भीती!" ती ओरडली. त्या घरात ती पहिल्यांदा ओरडली. "एका खोलीत शंभर माणसं, सगळी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि कागदावर असा शब्द की ज्याचे सहा अर्थ आणि सहाही बरोबर वाटतात! तुम्हाला काय कळणार? तुम्ही या दाराबाहेर कधी गेलाच नाहीत!"

"नाही गेले. जाणारही नाही. म्हणून आत बसणं म्हणजे काय ते मला विचार. आपण होऊन बसलेली बाई घर राखते. अडकून बसलेली घर खाते. तू इथे माझ्यासमोर बसणार आणि रोज सकाळी उकड वाढताना मला माफ करणार? दहा वर्षं? नको गं बाई. त्यापेक्षा वृद्धाश्रमातल्या बायका परवडल्या, त्या निदान पत्ते तरी खेळतात."

"आई, पण रस्ताच नाही तर—" सिल्वो मध्ये बोलला.

"फोन दे."

"कोणाला करणार? ब्राने ऐकणार नाही."

"ब्रानेला कोण करतंय?"

मी फानीला लावला. "फानी, ओतिलिया बोलतेय. जिवंत आहेस ना?"

"आहे बाई. इथे वीज आली, तुमच्याकडे?"

"आमच्याकडे काही नाही. बाळंतीण सुटली का?"

"मुलगी झाली. आणि ऑक्सिजनवाल्या आजोबांना दवाखान्यात नेलं. मोठे रस्ते झाले. आता ब्राने वरच्या वाड्या घेणार, पण आधी पलीकडच्या. परवा तर तो ल्युब्ल्यानाला जनरेटर आणायला जातोय." फानीला विचारावं लागत नाही, नुसतं श्वास घ्यायला थांबावं लागतं.

"बरं. मी एवढंच कळवायला केला, की मेणबत्त्या वर आहेत."

मग ती म्हणाली, "फादर म्हणाले, यंदा दुकानातल्या चालवून घेऊ."

"म्हणू देत. तरुण आहेत, छाती दणकट आहे. तुझी कशी आहे?"

फानी खोकली. मुद्दाम नाही, आपोआप.

"आणि ब्रानेच्या आईला माझा नमस्कार सांग," मी म्हटलं. "तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय ना शरद ऋतूत? जपायला सांग हो." आणि फोन ठेवला.

सिल्वो माझ्याकडे बघत होता. "आई, तू राजकारणात जायला हवी होतीस."

"दाराबाहेर जावं लागलं असतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून खालून पेट्रोलच्या करवतींचा आवाज यायला लागला. आधी गांधीलमाशीएवढा, मग मोठा. ब्लाझच्या सकाळी साखळ्या बांधलेली बंबवाल्यांची जीप आमच्या अंगणात आली. ब्रानेच्या मिशीला बर्फ लटकला होता आणि डोळे झोपेनं लाल होते.

"मावशी, खाली बंड झालंय," तो म्हणाला. "माझी आई म्हणते, स्वेचारच्या मेणबत्त्या आल्याशिवाय सूप गिळणार नाही. बायका फादरला घेराव घालून बसल्यात. आणा त्या आणि बसा पटकन. एकच जागा आहे, मागे करवती आहेत."

"आमची गाडी मागून आणतो, मी आणि येर्नेया—" सिल्वो म्हणाला.

"तुझी गाडी त्या वळणावरून जायची नाही. जेमतेम जीप निघाली. एक जागा आहे, बोलून झालं."

मी मेणबत्त्या आणल्या, लाल फीत नीट केली. माझा सणाचा कोट अंगावर होता, बूट घातलेले होते, रुमाल बांधलेला होता. येर्नेया दारात उभी होती, घरच्या स्वेटरमध्ये. तिनं तयारीच केली नव्हती. मी कोट काढला आणि तिच्या अंगावर टाकला.

"बस."

"आई, मान तुमचा आहे. घरची बाई नेते."

"घर तुमच्या नावावर आहे ना? मग घरची बाई कोण? चल, बस. सरळ धर. गार मेण चटकन तुटतं."

ती तशीच उभी राहिली. एक क्षण मला वाटलं, ही नाही म्हणणार, आणि माझ्या आतलं कोणीतरी म्हणालं, म्हण गं, नाही म्हण. तिनं बूट घातले.

ब्रानेनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यात दिवा लागायला थोडा वेळ गेला. "मावशी! हिची परीक्षा आज आहे ना? परीक्षेसाठी रस्ता तोडला असं गावात कळलं तर लोक माझी साल काढतील."

"मेणबत्त्या कोणाच्या मांडीवर आहेत?"

"हिच्या."

"मग मेणबत्त्यांसाठीच तोडलास. चर्चमध्ये ठेवून झाल्या की पुढे तुला ल्युब्ल्यानाला जायचंच आहे. गाडीत बोलायला कोणीतरी असेल, नाहीतर झोपशील आणि जनरेटरच्या दुकानात शिरशील."

ब्रानेनं कपाळावर हात मारून घेतला आणि जीप सुरू केली. येर्नेयानं खिडकी खाली केली.

"आणि तुमचा घसा, आई? आज आशीर्वाद नाही मिळणार."

"माझ्या घशाला काय धाड भरलीय? आख्ख्या गावाला विचार."

जीप वळणावरून गेली. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेळ मी गोठ्यात काढली. सिल्वो छपरावरचा बर्फ काढत होता आणि मध्येच थांबून खाली मोकळ्या झालेल्या रस्त्याकडे बघत होता.

ती अंधार पडताना परतली. मोजे ओले, नाक लाल. दोन ताटल्या कोबी खाल्ला, सॉसेज खाल्लं. तिनं चमचा ठेवल्यावर मी विचारलं, "लिहिलंस?"

"शेवटपर्यंत लिहिलं," ती म्हणाली. "एका शब्दापाशी खूप वेळ अडले. मग ठरवून टाकलं आणि पुढे गेले." आणि टेबलावर डोकं ठेवून तिथेच झोपली. मी तिच्या पायातले मोजे काढून चुलीवर वाळत टाकले. मी हरले होते, ते मला तेव्हाच कळलं. उत्तर यायची वाट कशाला बघायची?

मे महिन्यात उत्तर आलं. मी अक्रोडाची पोतित्सा, आमचा सणाचा गोड पाव, भाजली आणि मोठा तुकडा तिला वाढला. सप्टेंबरात ते गेले. त्याआधी सिल्वो वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका घेऊन आला. "खोली उन्हाची आहे, आई." मी म्हटलं, "मग टोमॅटो लाव तिथे." दोन गाई विकल्या, एक ठेवली. येर्नेया निघताना रडली. मी म्हटलं, "रडतेस कशाला? पहिल्या ओळीत ठरवलंस, आता शेवटपर्यंत ने."

या वर्षी थंडी लवकर आली. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्याचं पाणी बंद केलं, नळ गोठून फुटू नयेत म्हणून. त्यानंतर जिना चढायला काही कारण उरलं नाही. आता मी खालीच असते. कोणी ओरडत नाही, कोणी दार उघडून ऊब घालवत नाही. चारला अंधार पडतो आणि मग सकाळ व्हायला फार वेळ लागतो.

येर्नेयाचा फोन येतो. विचारते, "आई, एकट्या कशा आहात?"

"लाकडं आहेत का विचार," मी म्हणते. "गाय कशी आहे विचार. ते विचारू नकोस."

मग ती लाकडांचं विचारते. मी सांगते, भरपूर आहेत. बोलायचं संपतं. ती फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही, आणि तिकडचं घड्याळ मला ऐकू येतं.